कबुली आणि फेड
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. कोलियांशी युद्ध करावे असा शाक्य संघाचा कल असताना सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला, की आगळीक आपल्या माणसांकडूनही झाली आहे. आधी चौकशी करा. स्वतःच्या पक्षाची चूक भरसभेत मान्य करणे, ही धम्माची पहिली पायरी आम्ही मानतो.

आज अशीच दुसऱ्या एका नदीची हकिकत सांगावयाची आहे. ती कॅनडातील आहे. तेथील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बी.सी. हायड्रो ही सरकारी मालकीची वीज कंपनी आहे. पीस नदीवरील बेनेट धरणातून १९६८ साली वीज मिळू लागली. धरणामागे सुमारे १,७७० चौरस किलोमीटरचा विलिस्टन जलाशय पसरला. ते खोरे ओसाड नव्हते. त्सेकेने आदिवासी तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार व मासेमारी करून राहत होते. त्यांची संमती कोणी घेतली नाही. घरे, शिकारीच्या वाटा, वाडवडिलांच्या कबरी पाण्याखाली गेल्या. बुडालेल्या जंगलाचे ओंडके तरंगू लागले आणि नावेने जाणेही जिवावरचे झाले. आणि वीज? क्वादाचा व त्से-के डेने या त्यांच्या गावांत पुढे कित्येक दशके डिझेलच्या जनित्रावरच दिवे लागत होते!

भरपाईचे करार झाले ते २००८ आणि २००९ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. २०१६ साली धरणावरील माहिती केंद्रात ही कहाणी आदिवासींच्याच शब्दांत मांडणारे प्रदर्शन उघडले आणि त्या वेळी कंपनीने त्यांची जाहीर क्षमा मागितली.

या क्षमेची किंमत काय? आम्ही बँकेत कारकून आहोत, म्हणून आमच्या टेबलावरचा दाखला देतो. मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने कर्जाची लेखी कबुली दिली, की कायद्याने वसुलीची मुदत नव्याने सुरू होते. पण कबुलीने खाते बंद होत नाही. मुद्दल एक पैशानेही कमी होत नाही. उलट, आता ‘आम्ही देणे लागत नाही’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. क्षमेचेही तसेच आहे.

हप्ता भरला जातो की नाही, हे पुढच्या वागण्यावरून कळते. ज्या वर्षी क्षमा मागितली, त्याच वर्षी त्याच नदीवर खालच्या अंगाला साईट-सी धरणाचे काम चालू होते आणि काही आदिवासी समाज त्याविरुद्ध न्यायालयात होते. २०२४ साली तोही जलाशय भरला. म्हणून आम्ही त्या क्षमेला खोटी म्हणत नाही, अपुरी म्हणतो.

आपल्याकडे सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासींची गावे बुडाली. कोयनेचे धरणग्रस्त आजही पुनर्वसनासाठी झगडत आहेत. त्यांच्या खात्यावर तर कबुलीचीच नोंद नाही.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी अधिकारी. फाईलवर सही करण्यापूर्वी एवढेच विचारा : पाणी कोणाच्या अंगणात शिरणार आहे आणि दिवा कोणाच्या घरात लागणार आहे? ज्याचे अंगण गेले, त्याच्या घरी पहिला दिवा लागावा. फेड म्हणतात ती हीच.

जय भीम! नमो बुद्धाय!