सहकाऱ्यांची शाळा

कोणत्याही कारखान्यात वा कचेरीत दोन प्रकारचे ज्ञान नांदत असते. एक फायलींत, नियमपुस्तकांत आणि नकाशांत उतरलेले. दुसरे, वीस-पंचवीस वर्षे एकाच यंत्रापाशी वा एकाच टेबलापाशी बसलेल्या माणसाच्या हातात आणि कानात साठलेले. पहिले संस्थेच्या मालकीचे असते. दुसरे त्या माणसाबरोबर रोज संध्याकाळी घरी जाते, आणि तो निवृत्त झाला की पुन्हा कामावर येत नाही. हे दुसरे ज्ञान सहकाऱ्यांत वाटले जावे कसे, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राने अलीकडे फार मोठा मानला आहे. परंतु त्याचे एक बोलके उदाहरण पाहावयाचे तर कारखान्याचा रस्ता सोडून ग्वाल्हेरीस जावे, आणि यंत्रकारांऐवजी तेथील गवयांची गाठ घ्यावी.

गवयाला नोकर म्हणणे कानाला खटकेल. पण शिंद्यांच्या दरबारातील गवई हे पगारदार नोकरच होते. एकोणिसाव्या शतकात हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांनी तेथे ख्यालगायकीला जे रूप दिले, तेच पुढे ग्वाल्हेर घराणे म्हणून सर्वत्र ओळखले गेले. यांच्याविषयीची एक आख्यायिका जुन्या गवयांच्या तोंडी नेहमी असे. दरबारात बडे महंमद खाँ नावाचे थोर गायक होते. त्यांची तान या तरुण भावांना हवी होती आणि ते तर शिकविणार नव्हते. तेव्हा महाराजांनीच भावांना आडोशाला बसवून ते गाणे ऐकविण्याची व्यवस्था केली. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, परिस्थिती मात्र तिने नेमकी सांगितली आहे. एकाच धन्याचे अन्न खाणारे दोन नोकर, आणि एकाची विद्या दुसऱ्याने चोरून घ्यावयाची! यात केवळ मनाचा कोतेपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. कंठातील चिजा हेच गवयाचे भांडवल. त्या दुसऱ्याच्या गळ्यात गेल्या तर उद्या आपली जागा त्यालाच मिळेल, ही भीती पोटाची होती.

या लपवाछपवीची किंमत धन्यालाही मोजावी लागे. १८८६ मध्ये जयाजीराव महाराज निवर्तले आणि दरबारातील गवयांचे जुने दिवस सरले. नत्थू खाँचे वारस निसार हुसेन खाँ दरबाराबाहेर पडले, तेव्हा त्यांची विद्याही त्यांच्याबरोबर बाहेर पडली. ती राहिली ती शंकर पंडित आणि एकनाथ पंडित या बंधूंच्या घरामुळे. या मराठी ब्राह्मण कुटुंबाने खाँसाहेबांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांच्यापाशी तालीम घेतली. जे संस्थानाला जमले नाही ते एका कुटुंबाच्या श्रद्धेने केले. पण श्रद्धा ही काही व्यवस्था नव्हे.

व्यवस्था आली ती १९१७-१८ मध्ये. माधवराव महाराजांनी संगीताचे विद्यालय काढण्याचे ठरविले आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे साहाय्य घेतले. भातखंडे व्यवसायाने वकील, स्वभावाने संशोधक. विद्यालयाला शिक्षक हवेत. मग ते बाहेरून न आणता ग्वाल्हेरच्याच गवयांना मुंबईस भातखंड्यांकडे धाडण्यात आले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. ते शंकर पंडितांचे शिष्य, वय पस्तीस, गाणे मुरलेले. अशा माणसांनी पाटी-पेन्सिल घेऊन धुळाक्षरे गिरवावीत तसे स्वरलेखन शिकावयास बसावे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

ते स्वरलेखन मोठे साधे आहे. खालच्या सप्तकाला अक्षराखाली टिंब, वरच्याला अक्षरावर. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मींड असेल तेथे कमान. समेला फुली आणि खालीला शून्य. पण या मूठभर खुणांनी एक मोठा बदल घडविला. तोवर दोन गवयांत मतभेद झाला, तर ‘आमच्या गुरूंनी असेच सांगितले’ यापुढे बोलणे सरकत नसे. एकाच चिजेचा मुखडा दोन कंठांत दोन तऱ्हांनी येई आणि दोघेही आपलाच खरा मानीत. आता तो कागदावर शेजारी शेजारी मांडता येऊ लागला. भांडणाचे रूपांतर तुलनेत झाले. सहकाऱ्यांनी एकमेकांकडून शिकावे यासाठी सद्भावनेहून अशा सामायिक खुणांची गरज अधिक असते, हे कित्येक संस्थांच्या ध्यानातच येत नाही.

दुसरी गोष्ट पगाराची. जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले, आणि गवयाला शिकविण्याबद्दलच वेतन मिळू लागले. विद्या झाकून ठेवण्यात जी सुरक्षितता होती, ती आता विद्या देण्यात आली. ही मांडणी कोणी मुद्दाम केली असो वा नसो, विद्यालय टिकण्याचे खरे कारण तीत असावे. राजाभैया पुढे त्याच संस्थेचे प्राचार्य झाले, त्यांनी ‘तानमालिका’ लिहिली, आणि तान हा तर गवयाच्या पेटीतला सर्वांत जपलेला दागिना! एकनाथ पंडितांनीही आपल्या संग्रहातील चिजा भातखंड्यांना दिल्या. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत अशा अनेक घराण्यांच्या चिजा एकत्र आल्या.

याच नगरात शंकर पंडितांचे चिरंजीव कृष्णराव यांनी १९१४ मध्ये आपले विद्यालय काढले होते. पुढे ते वडिलांच्या नावाने प्रसिद्ध झाले. तेथे घराण्याची तालीम प्रमाण होती. एका नगरात दोन वाटा चालू राहिल्या हे ग्वाल्हेरचे भाग्यच म्हटले पाहिजे.

साता समुद्रांपलीकडचा एक दाखला येथे जुळतो. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती-कामगारांबरोबर राहून ज्युलियन ऑर या मानवशास्त्रज्ञाने अभ्यास केला. त्याचा ग्रंथ १९९६ मध्ये निघाला. त्याला आढळले की, कंपनीने दिलेली पुस्तके जेथे थकत तेथे हे लोक एकत्र जेवताना सांगितलेल्या हकिकतींवर यंत्रे दुरुस्त करीत. पुढे त्या कंपनीने या युक्त्यांचा एक अंतर्गत संग्रह संगणकावर उभारला. युक्ती सहकाऱ्यांनीच तपासावयाची, आणि स्वीकारली गेली तर सुचविणाऱ्याचे नाव तिच्याखाली राहावयाचे. ग्वाल्हेरच्या गवयाला हे लगेच उमजले असते. आपली चीज दुसऱ्याने गावी याचे त्याला दुःख नसे. ती कोणाची हे सांगितले न जावे, याचे असे.

मात्र कागदाची धाव किती, हेही ग्वाल्हेरीसच दिसते. मींडेची कमान दोन स्वर जोडते. त्या दोहोंमध्ये कोठे किती रेंगाळावे ते सांगत नाही. क्रमिक पुस्तके समोर उघडी असतानाही समोर बसून गाऊन दाखविणारा शिक्षक लागलाच. २००८ मध्ये ग्वाल्हेरीस राजा मानसिंह तोमर यांच्या नावाने संगीत व कला विश्वविद्यालय स्थापन झाले. संगीताच्या वर्गांत विद्यार्थ्यांपुढे आजही त्याच टिंबांचे आणि कमानींचे कागद असतात, आणि ‘ही जागा अशी नव्हे, अशी’ म्हणून शिक्षक ती गाऊन दाखवितात.