जालना ते जाळीचा देव, सायकलवर

राजूर, भोकरदन, अन्वा करत जाळीचा देवपर्यंत सायकलने जायचं असेल, तर आधी रस्त्याचा पोत बघा. राजूरपर्यंत साधारण २५ किलोमीटर डांबरी रस्ता आहे. पहाटे निघालात तर गणपतीचं दर्शन घेऊनच न्याहारी होते. अंगारकीला मात्र टाळा, फार गर्दी असते. अन्व्याच्या प्राचीन मंदिराला तासभर तरी द्या. तिथलं कोरीवकाम घाईत बघण्यासारखं नाही.

पुढे अजिंठ्याचे डोंगर लागतात आणि हिशेब बदलतो. डांबरावर तासाला १५ किलोमीटर जाणारी सायकल दगडमुरमाच्या वाटेवर निम्म्यावर येते. उन्हं कलल्यावर जंगलातली वाट धरू नका, आणि वनखात्याच्या हद्दीत शिरण्याआधी विचारून घ्या.

पावसाळ्यात तर नकोच! काळी माती टायर आणि मडगार्डमध्ये अशी थापली जाते की चाक फिरतच नाही, काडीने खरवडत बसावं लागतं. दिवाळीनंतर वाटा कोरड्या होतात, पण बाभळीचे काटे असतातच. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. काट्याचं मोडकं टोक तिथेच राहिलं, तर नवी ट्यूबही लगेच बसते.