गाण्याचा डबा बंद पडला तर



आज मी एका लहान वस्तूविषयी बोलणार आहे. ती म्हणजे गाणी वाजवणारा डबा. कोणी त्याला स्पीकर म्हणते. पूर्वी ट्रान्झिस्टर होता, त्यात बाहेरून सेल घालत. या डब्यात बॅटरी आतच असते. आखाड्यावर जागलीला त्याची चांगली सोबत होते.

डबा मुका झाला तर लगेच टाकू नका. आधी चार्जिंगची वायर बदलून पाहा. पुष्कळदा दोष वायरीतच असतो. मग कार्ड काढा, सुक्या फडक्याने पुसा, पुन्हा बसवा. शेजाऱ्याचे कार्ड घालून पाहा. ते वाजले, तर डबा चांगला, तुमचे कार्ड खराब. डबा भिजला असेल तर चार्जिंगला लावू नका, दुरुस्तीवाल्याला दाखवा. चार्जिंग लवकर उतरत असेल तर बॅटरी थकली समजा. बहुधा नवी बसवून मिळते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या डब्याची पाठ फुगली होती. मला वाटले, उन्हाने फुगली असेल. तसाच रात्री चार्जिंगला लावून निजलो. सकाळी हात लावला तर चटका बसला! नातू दाभण घेऊन आला. म्हणाला, "आबा, टोचू का? हवा निघून जाईल." मी त्याला थांबवले आणि दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "गुरुजी, टोचू नका! भडका उडेल." माझ्या अंगावर काटा आला. पस्तीस वर्षे लेकरांना शिकवले, पण हे मला ठाऊक नव्हते.

म्हणून सांगतो. बॅटरी फुगली की वायर काढा. डबा घराबाहेर, सावलीत, कोरड्या वाळूवर ठेवा. लेकरांना लांब ठेवा. तिला टोचू नका, ठोकू नका, चुलीत घालू नका.

डबा कायमचा गेला, तर तो उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकायचा का? मुळीच नाही. यंत्राच्या आत शिसे असू शकते, काही जुन्या सेलांत कॅडमियम असते. ही विषे माती-पाण्यात उतरतात. पाण्याची किंमत आपल्याला कोणी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

अशा यंत्रांच्या कचऱ्याला ई-कचरा म्हणतात. त्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कचरा नीट मार्गी लावण्याची जबाबदारी माल काढणाऱ्या कंपनीवर आहे. म्हणून दुकानदाराला विचारा, "जुना माल परत घेता का?" नाही म्हणाला, तर जिल्ह्याच्या गावी ई-कचरा घेणाऱ्याची चौकशी करा. त्याचा नोंदणीचा कागद वाचून पाहा. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याला माल देऊ नका. तो धूर विषारी असतो.

बॅटरीवर केराच्या पेटीचे चित्र आणि त्यावर फुली असते. तुम्ही अक्षरे वाचायला शिकलात, आता ही खूणही वाचा. ती म्हणते, "मला केरात टाकू नका."

आज घरी गेल्यावर आपापल्या डब्याची पाठ तेवढी बघा. एवढे सांगून रजा घेतो. राम राम.