मुठींतली ऊब

कोल्हापूरची थंडी ही कांहीं बर्फाळ मुलखांतील थंडी नव्हे. मार्गशीर्ष-पौषांत पहांटे रंकाळ्यावर धुकें उतरतें, उसाच्या फडांत शेकोट्या पेटतात, आणि म्हशीच्या कासेला हात लावण्यापूर्वीं गवळी आपले तळवे एकमेकांवर घांसून घेतो. दहा वाजेपर्यंत हें सारें उन्हांत विरून जातें. मग येथल्या एखाद्या विद्यार्थ्यानें शाळेच्या विज्ञानप्रदर्शनांत हात गरम ठेवणारी रासायनिक पुरचुंडी कां मांडावी? याचें उत्तर या जिल्ह्याच्या घराघरांत आहे. शिरोळ तालुक्यांतील एका गांवाचें नांवच सैनिक टाकळी असें आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचें केंद्र बेळगांवास, येथून शंभरएक किलोमीटरवर. आणि १९८४ सालापासून भारतीय सैन्य सियाचेनच्या हिमनदीवर ठाण मांडून आहे, जेथें हातमोजा क्षणभर काढला तरी बोटें हिमदंशानें निकामी होण्याची भीति असते. तेव्हां प्रदर्शनांतल्या तक्त्यावर ‘सीमेवरील जवानांसाठीं’ असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें आढळतें, यांत नवल कांहींच नाहीं. परंतु एकदां तसें लिहिलें, कीं जबाबदारी वाढते.

रासायनिक उष्णतेचा विचार निघाला, कीं मुलांच्या डोळ्यांपुढें प्रथम येते ती चुन्याची कळी. घर बांधतांना चुना विरवलेला ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, कीं कळीवर पाणी पडतांच ती तडतडते, फुगते आणि वाफेचे लोट उठतात. एक ग्रॅम कळीच्या चुन्यांतून सुमारें ११५० ज्यूल उष्णता निघते. ती सगळीच्या सगळी थोड्या मिनिटांत बाहेर पडते, हाच तिचा दोष. शिवाय चुना डोळ्यांत उडाला तर दृष्टि जाऊं शकते. प्रदर्शनांत वाफेला आणि उकळीला टाळ्या मिळतात हें खरें; पण ज्या शिक्षकाला वर्गांतील मुलांच्या डोळ्यांची काळजी आहे, त्यानें हा मार्ग पहिल्याच दिवशीं बंद करावा.

दुसरा मार्ग अधिक देखणा आहे. व्हिनेगरमध्यें खाण्याचा सोडा फेंस थांबेपर्यंत घालावा, तें पाणी आटवीत न्यावें, म्हणजे सोडियम अॅसिटेट नांवाचें मीठ हातीं येतें. त्याचे स्फटिक ५८ अंश सेल्सियसला आपल्याच पाण्यांत वितळतात, आणि हा द्रव हलके निवूं दिला तर तो पुन्हां गोठावयाचें जणूं विसरून जातो. त्यांत स्फटिकाचा एक कण टाकला, कीं क्षणार्धांत सारा द्रव पांढरा होऊन गोठतो, आणि वितळतांना घेतलेली उष्णता परत करतो. पिशवी उकळत्या पाण्यांत ठेवली, कीं पुन्हां वापरतां येते. मात्र शंभर ग्रॅम स्फटिकांतून मिळणारी उष्णता अवघी सव्वीस हजार ज्यूलच्या आसपास; आणि ऊब टिकते ती फार तर तासा-अर्ध्या तासाची.

तिसरा मार्ग गंजाचा. लोखंड गंजतें म्हणजे हवेंतल्या प्राणवायूशीं संयोग पावतें, आणि त्या संयोगांत एका ग्रॅमामागें सुमारें ७४०० ज्यूल उष्णता निघते. चुन्याच्या सहापटीहून अधिक. दारावरची कडी गंजतांना ही ऊब कोणास जाणवत नाहीं, कारण ती वर्षानुवर्षें थेंबाथेंबानें निघते. लोखंडाचा बारीक कीस, मीठ, कोळशाची पूड आणि ओला भुसा एकत्र केला, कीं वर्षांचें काम तासांवर येतें. जपानांत १९७८ सालापासून अशा पुड्या घरोघरीं खपूं लागल्या. कोल्हापूरच्या मुलाला मात्र त्यांतला मुख्य जिन्नस विकत आणावा लागत नाहीं. शिवाजी उद्यमनगरांत किंवा शिरोलीच्या वसाहतींत कोणत्याही लेथखालीं बीडाचा चुरा पडलेला असतो. पोलादाची कातण लांब वेटोळ्यांची आणि तेलानें माखलेली. बीड मात्र बहुधा कोरडेंच कातलें जातें आणि भुगा होऊन पडतें. त्याच्या अंगीं मुळांतच कोळशाचा अंश असल्यामुळें तें गंजावयासही तत्पर. चुरा लोहचुंबकानें वेंचावा, चाळावा, तेलकट वाटल्यास सोड्याच्या पाण्यानें धुऊन लगेच वाळवावा. असा चुरा पंचवीस ग्रॅम, मीठ एक ग्रॅम, पाणी लहान चमचाभर, आणि कोळसा व भुसा अंदाजानें. एवढ्यावर प्रयोग उभा राहतो.

खरी कारागिरी येथून पुढें आहे. पंचवीस ग्रॅम लोखंड पूर्ण गंजावयास सुमारें चाळीस लिटर हवा लागते. ही हवा आंत किती वेगानें शिरते, यावरच पुरचुंडी किती तापेल आणि किती वेळ टिकेल हें ठरतें. म्हणून एकसारखें मिश्रण भरलेल्या तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्याव्या. एकीला टांचणीनें दहा छिद्रें पाडावीं, दुसरीला वीस, तिसरीला चाळीस. आणि दर पांच मिनिटांनीं तापमापक पाहून आलेख काढावा. सर्वांत जास्त तापलेली पिशवी पहिली आली असें समजण्याचा मोह आवरला पाहिजे. अमेरिकेंत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनीं १९४७ सालीं दाखवून दिलें, कीं ६० अंशांचा स्पर्श कातडीला कांहीं सेकंदांत जाळतो, पण ४४ अंशांचा स्पर्शही सुमारें सहा तास राहिला तर भाजतेंच. गारठलेल्या बोटांना तर चटका कळतही नाहीं. आजीच्या गुडघ्याला शेक देणारी सून पोटली आधीं आपल्या गालाला लावून पाहते, तें याच भीतीनें. म्हणून पुरचुंडीवर जाड फडक्याचा एक पदर हवा, आणि मोजमाप त्या पदराबाहेरचें हवें.

आतां तक्त्यावरच्या त्या मोठ्या अक्षरांकडे वळावें. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंचीवर आहे. सियाचेनवरील अनेक ठाणीं साडेपांच हजार मीटरांच्याही वर. तेथें हवेचा दाब जवळजवळ निम्मा, म्हणून त्याच छिद्रांतून प्राणवायूही तितकाच कमी शिरणार. शाळेच्या बांकावर सुरेख तापलेली पुरचुंडी तेथें कोमट राहण्याचा संभव असतो. तीसाठीं छिद्रें वाढवावीं, तर तीच पुरचुंडी खालच्या छावणींत हात भाजील. सोडियम अॅसिटेटला हवा लागत नाहीं, पण त्या ठाण्यावर पिशवी पुन्हां उकळावयाची तर इंधन वाहून न्यावें लागतें.

हा पेंच कोल्हापुरांत बसूनही डोळ्यांनीं पाहतां येतो. तापत असलेली पुरचुंडी घट्ट झांकणाच्या लहान डब्यांत ठेवावी. कांहीं वेळानें ती निवत जाते. लोखंड पुष्कळ उरलेलें असतें, संपलेला असतो तो डब्यांतला प्राणवायु. झांकण काढूं लागलें तर तें आंत ओढल्यासारखें चिकटलेलें लागतें, कारण आंतला दाब उतरलेला असतो. तें एकदांचें निघालें, ताजी हवा आंत शिरली, कीं पुरचुंडी मुठींत पुन्हां हळूहळू गरम होऊं लागते.