आगोट भरल्याशिवाय पोतं उचलू नका



पावसाळ्याचे चार महिने पनवेलच्या खेड्यांनी आगोटीवर काढले. कणगीत तांदूळ, मडक्यात राख चोळलेले वाल, आढ्याला कांद्याच्या माळा, माळ्यावर लाकडं, डब्यात सुकट-बोंबील. कारण जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, रायगडात रस्ते तुटले. ज्या घरात साठा होता, तिथेच चूल पेटली.

आम्ही शेतकीची पदवी घेतली. आगोट मात्र आईकडून शिकलो.

आज होतं काय? दिवाळीत देणेकरी दारात, म्हणून सगळं भात पडेल त्या भावाने विकायचं आणि आषाढात तांदूळ उधारीवर आणायचा. कणगी भरलेली असेल तर व्यापाऱ्याला ‘थांब’ म्हणता येतं. १९७० पासून सिडकोसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना तर आगोट रोखीनेच विकत घ्यावी लागते. त्यांनी गावाची खरेदी एकत्र करावी.

बाकीच्यांनी यंदा पोती गाडीत चढवण्याआधी घरच्या बाईला विचारा, श्रावणापर्यंत किती लागेल. तेवढं बाजूला काढा, कडक वाळवा. दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे, मगच कणगीत.