नखाएवढं चामडं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, ती करंगळीच्या नखाएवढी आहे. रुंदी साधारण दहा मिलीमीटर, जाडी पाच-सहा मिलीमीटर आणि जात चामड्याची. स्नूकर खेळताना जी लांब काठी हातात असते, तिला क्यू म्हणतात. त्या क्यूच्या टोकाला ही चामड्याची टिकली चिकटवलेली असते. तिचं नाव टिप. या टिकलीनं मला एकदा जन्माचा धडा दिला. तो तुम्हाला सांगावा, म्हणून आज बोलायला बसलो आहे.

मी निलंग्याचा. निलंगा म्हटलं की लोकांना नीळकंठेश्वराचं हेमाडपंती मंदिर आठवतं, नाहीतर 1993 चा भूकंप आठवतो. स्नूकर कुणाला आठवत नाही. पण या खेळाचं आणि आपल्या देशाचं नातं जुनं आहे. हा खेळ 1875 च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला, असं मानतात. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्यानं तो सुरू केला. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत. महाराष्ट्राचं म्हणाल तर पुण्यात 1922 साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कोलकात्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवलं आणि 1964 मध्ये ते पुन्हा जिंकलं. मुंबईच्या मायकेल फरेरांनी ते तीनदा जिंकलं. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीनं 2003 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, स्नूकरचं हौशी जगज्जेतेपद आणलं. ती बातमी वाचून निलंग्यातसुद्धा चार पोरांचे डोळे चमकले होते.

त्या चार पोरांत माझा भाचा होता. माझं किराणा दुकान आहे. दुकानामागच्या गोदामात मी शहरातून एक जुनं टेबल आणून मांडलं होतं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. हिरव्या कापडाखाली दगडी पाट्या असतात, त्यामुळे वजन टनाच्या वर. वरच्या मजल्यावर जागा होती, पण भूकंप पाहिलेल्या माणसाला डोक्यावर टनभर दगड ठेवायचा धीर होत नाही. म्हणून गुळाच्या भेल्या हलवल्या आणि टेबल खालीच लावलं. गावानं लगेच त्याला टवाळांचा अड्डा असं नाव दिलं. आमच्या दाजींचं मत गावापेक्षा वेगळं नव्हतं. पण पोराचा हात चांगला होता. शेवटी दाजी म्हणाले, "एक स्पर्धा खेळू द्या. काही करून दाखवलं तर पुढचं बघू. नाहीतर हे खूळ बंद."

ती स्पर्धा 2006 च्या पावसाळ्यात, जिल्ह्याच्या ठिकाणी होती. आदल्या रात्री मी भाच्याची क्यू हातात घेतली. टिप झिजून चपटी झाली होती. मला वाटलं, उद्या मोठा दिवस आहे, नवी टिप लावून देऊ. लग्नाला जाताना आपण नवा सदरा घालतो, तसंच. ब्लेडनं जुनी टिप उडवली, गोंदाचे दोन थेंब टाकले, नवी टिप दाबून बसवली आणि निजलो.

भाचा उपांत्य फेरीपर्यंत गेला. शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर गुलाबी आणि काळा असे दोनच रंगीत चेंडू उरले. गुलाबीचे सहा गुण, काळ्याचे सात. भाचा पाच गुणांनी मागे होता. गुलाबी घातला की तो एका गुणानं पुढे आणि मग निकाल काळ्यावर. गुलाबी जवळजवळ सरळ रेषेत होता. पांढरा चेंडू जागेवर थांबावा म्हणून त्यानं खालच्या बाजूला फटका मारला. टक् असा धातूचा आवाज झाला. टिप उडून कापडावर पडली. पांढऱ्याला क्यूची पितळी टोपी लागली होती. गुलाबी चेंडू भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबला. समोरच्या मुलानं तो सहज घातला. आता अकरा गुणांचा फरक आणि टेबलावर सातच गुण. खेळ संपला.

परतीच्या एसटीत भाचा एक शब्द बोलला नाही. निलंगा आल्यावर एवढंच म्हणाला, "मामा, जाऊ द्या." त्यानं मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. दाजींनी तर विषयच मिटवला. पोरानं गोदामात येणं सोडलं.

आठवडाभरानं मी ती उडालेली टिप आणि क्यू घेऊन बसस्थानकाजवळ बसणाऱ्या एका म्हाताऱ्या चर्मकार काकांकडे गेलो. त्यांनी स्नूकर जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी टिप उलटी केली, नखानं खरवडली, पितळी टोपीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मालक, तुमी चामडं लाकडाला चिटकवलंच न्हाई. नव्या डिंकाला जुन्या डिंकावर चिटकवलंय." मी बघतच राहिलो. टोकावर जुन्या गोंदाचा थर तसाच होता. टिपेचा तळ कारखान्यातून आला तसा गुळगुळीत होता. त्यात पावसाळ्याची ओल आणि वाळायला दिलेली एक रात्र. काका पुढे म्हणाले, "चामड्याला घाई चालत न्हाई बगा."

त्या दिवसापासून मी ही विद्या शिकलो. थोडी काकांकडून, थोडी जाणकार खेळाडूंकडून, बरीचशी चुकांमधून. ती थोडक्यात सांगतो.

आधी हे बघू, की टिप करते काय. क्यू आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी असते. तेवढ्या क्षणात चामड्यानं चेंडूला धरायचं असतं. मधोमध मारलं तर फारसा प्रश्न येत नाही. पण चेंडूला फिरकी द्यायची तर बाजूला मारावं लागतं आणि तिथं पकड सुटली की टिप घसरते. स्नूकरचा चेंडू साडेबावन्न मिलीमीटरचा असतो. त्याच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून पुढे मारलं, तर उत्तम टिपसुद्धा घसरते. चामड्याच्या टिपेचं श्रेय फ्रान्सच्या मिंगो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला देतात. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तुरुंगात असताना त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा आहे.

आता निवड. टिपा दोन प्रकारच्या असतात. एक, चामड्याच्या एकाच तुकड्याची, दाबून बनवलेली. ती स्वस्त असते, पण डब्यातल्या दोन टिपा सारख्या निघतीलच असं नाही. एखादी मऊ, एखादी दगड. म्हणून जाणते खेळाडू पाच-दहा टिपा घेतात, नखानं दाबून बघतात, फरशीवर टाकून आवाज ऐकतात. बाजारात मडकं वाजवून घेतो, तसंच. दुसरा प्रकार पातळ चामड्याचे थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या टिपेचा. ती महाग असते, पण एकसारखी निघते आणि आकार जास्त दिवस धरते.

मऊ टिप चेंडूला छान धरते, पण लवकर पसरते आणि तिला कुत्र्याच्या छत्रीसारख्या कडा फुटतात. कडक टिप टिकते, पण पकड कमी. नवशिक्यानं मध्यम घ्यावी. माप क्यूच्या टोकापेक्षा किंचित मोठं घ्यावं. कडा नंतर छाटता येतात, कमी पडलेलं चामडं वाढवता येत नाही.

लावण्याची रीत अशी. जुनी टिप काढल्यावर टोक पूर्ण साफ करा. लाकूड आणि पितळ दिसलं पाहिजे. टोक सपाट आहे ना, हे उजेडासमोर धरून बघा. बारीक पॉलिश पेपर काचेवर ठेवून त्यावर टिपेचा तळ घासा आणि खरखरीत करा. गोंद एकच थेंब, पण सगळीकडे पसरलेला. टिप मधोमध बसवा, दाबून धरा, मग एक पूर्ण दिवस हात लावू नका. नंतर क्यू उलटी करून टिप लाकडी पाटावर टेकवा आणि धारदार ब्लेडनं बाहेर आलेल्या कडा छाटा. काका हेच काम रापीनं एका हाताच्या फिरकीत करून द्यायचे. पितळेवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. शेवटी माथ्याला घुमटासारखी गोलाई द्या. रुपयाच्या नाण्याची कड बाजूला धरून ताडून बघितलं तरी चालतं.

पुढची निगा रोजची आहे. खेळून खेळून माथा चकचकीत झाला, की कानशीनं हलकेच खरखरीत करा. हलकेच म्हणतोय. काही पोरं इतकं घासतात, की महिन्याभरात टिपेचा जीव जातो. चॉक दर फटक्याआधी लावा, पण ब्रशनं रंग द्यावा तसा. भोक पाडल्यासारखा घुसळू नका. त्याला चॉक म्हणत असले तरी तो शाळेतला खडू नव्हे. त्यात सिलिका आणि कुरुंदासारखी खरखरीत द्रव्यं असतात. अमेरिकेत 1897 साली स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं. टिप झिजून दोनेक मिलीमीटरवर आली की बदलावी, नाहीतर दणका थेट लाकडाला बसतो. पावसाळ्यात क्यू ओल्या भिंतीला टेकवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बंद गाडीत मुळीच ठेवू नये, काठी वाकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सामन्याच्या आदल्या रात्री टिप बदलू नये. नवी चप्पल चावते, तशी नवी टिपही चावते. तिला चार-आठ दिवस चेंडूची सवय होऊ द्यावी लागते. मी सगळ्या चुका एका रात्रीत केल्या होत्या, तेही प्रेमापोटी.

त्या पावसाळ्यानंतर मी दाजींकडे गेलो आणि सांगितलं, पोरगं हरलं नाही, माझी टिप हरली. ती टिप आणि काकांचं म्हणणं, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. दाजी शेतकरी माणूस. औताचा फाळ नीट ठोकला नसेल तर बैलाला दोष देत नाहीत, हे त्यांना मी सांगायला नको होतं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग पोराला परत बोलवा. पण टिप त्याची त्यालाच लावू द्या."

भाचा पुढे जगज्जेता वगैरे झाला नाही. पुण्यात नोकरी करतो, सुटीच्या दिवशी खेळतो. दिवाळीत निलंग्याला येतो, तेव्हा पहिल्या संध्याकाळी गोदामात उजेडाखाली बसतो, क्यूचं टोक साफ करतो, टिपेचा तळ काचेवर घासतो. मी शेजारी बसलेला असतो. हात पुढे करावासा वाटतो. करत नाही. तो एक थेंब गोंद लावतो, टिप दाबून धरतो आणि म्हणतो, "मामा, आता उद्याशिवाय नाही हं."

मग आम्ही चहा घ्यायला उठतो.