जलप्रलय आणि आपला काळा पाषाण



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणार, असे आपण गृहीत धरून आला असाल. मी मात्र आज नोहाच्या जलप्रलयावर बोलणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे अकोल्यातल्या जिन-प्रेसच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात उणे-अधिक दिसल्यास विद्वानांनी ते पोटात घालावे.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो. आमच्या युनियनमध्ये एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ होते. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. गाठी बांधण्याच्या कामावर त्यांची हयात गेली होती. पवित्र शास्त्रातली जलप्रलयाची कथा अक्षरशः खरी आहे, अशी त्यांची श्रद्धा. मी तेव्हा विशीतला, नुकताच चार पुस्तके वाचून शहाणा झालेला. एका सभेत मी सर्वांसमक्ष त्यांना विचारले, "काका, मेळघाटातले वाघ तारवात चढवले कोणी?" सभा हसली. काका हसले नाहीत. पुढचे दोन महिने ते युनियनच्या बैठकीला आले नाहीत, आणि वर्गणी मात्र न चुकता पाठवीत राहिले. त्या वर्गणीची मला आजही लाज वाटते.

आता त्या पक्षाचे म्हणणे नीट ऐकून घेऊ. विरोधी पक्षाची बाजू आपल्याला त्याच्याइतकी चांगली मांडता आली नाही, तर वाटाघाटीला बसू नये, असा आमच्या चळवळीतला अनुभव आहे.

ते म्हणतात, उत्पत्तीच्या पुस्तकात तारवाची मापे दिली आहेत : लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात. पुराला आरंभ केव्हा झाला आणि जमीन केव्हा वाळली त्याचे महिने व दिवसही दिले आहेत. कल्पित कथेत इतका हिशेब कोण ठेवतो? दुसरे असे की, प्रलयाच्या कथा जगभर आहेत. आपल्या शतपथ ब्राह्मणात मनू आहे, त्याची नौका आहे, ती ओढून नेणारा मासा आहे. तिसरे, डोंगरात शिंपले सापडतात. आणि चौथे, खुद्द येशूने नोहाच्या दिवसांचा दाखला दिला आहे. नोहा खोटा ठरला, तर मग खरे काय उरले? १९६१ साली अमेरिकेत व्हिटकोम्ब आणि मॉरिस या दोघांनी याच बाजूने एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आणि २०१६ साली केंटकी राज्यात ५१० फूट लांबीचे तारू बांधून लोकांना दाखवण्यासाठी उघडले गेले. म्हणजे हा पक्ष काही जुना होऊन अडगळीत पडलेला नाही.

कथांच्या साम्याचे पाहा. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ या गृहस्थाने निनवे येथल्या मातीच्या विटेवरील लेख वाचून दाखवला. त्यात प्रलय होता, नौका होती, जमीन शोधायला सोडलेले पक्षीही होते. हा स्मिथ नोटा छापण्याच्या धंद्यातला कारागीर, आपल्या बळावर शिकलेला, म्हणून मला तो जवळचा वाटतो. प्रलयवादी म्हणाले, पाहा, पुरावा मिळाला! परंतु कामगार न्यायालयात आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. दोन साक्षीदारांची साक्ष बारीकसारीक तपशिलापर्यंत जुळली, की समोरचा वकील विचारतो, एकाने दुसऱ्याचे ऐकले तर नाही ना? तायग्रिस-युफ्रेटीसच्या काठची कथा नोहाच्या कथेहून जुनी आहे. आणि जी माणसे नदीकाठी राहतात, त्यांच्यापाशी पुराची कथा असणारच. तिच्यासाठी सारी पृथ्वी बुडावी लागत नाही.

कालगणनेचेही तसेच. आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात वंशावळ्यांची बेरीज करून प्रलय इसवी सनापूर्वी २३५० च्या सुमारास घातला. पण त्या काळात सिंधूकाठी मोहेंजोदडो नांदत होते, आणि इजिप्तचा मोठा पिरॅमिड त्याआधीच उभा राहिला होता. प्रलयाने त्यांची वहिवाट मोडल्याची खूण नाही.

आता शिंपल्यांकडे वळू. आणि इथे आपल्या विदर्भातलाच एक साक्षीदार आहे, तोही मिशनरी. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून येऊन १८४५ च्या सुमारास नागपुरात स्थायिक झाले. त्यांनी शाळा काढली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. सवड मिळाली की हा पाद्री हातोडी घेऊन खडक फोडीत हिंडे. नागपूरजवळच्या टाकळी येथे त्यांना व त्यांचे सहकारी हंटर यांना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई होत्या, झाडांचे लाकूड होते, फळे-बिया होत्या.

याचा अर्थ काय होतो ते खाणीत गिट्टी फोडणाऱ्या माणसालाही कळेल. आधी तप्त रस पसरला आणि थिजला. त्याच्यावर तळे साचले, गोगलगाई वाढल्या, झाडे उगवली. मग पुन्हा रस आला आणि सारे झाकून टाकले. आपल्या गिट्टीखदानीत पाषाणाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो ना? दोन रसांच्या मधल्या काळात उन्हापावसाने खडक झिजून तो झालेला आहे. हा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, असे आज शास्त्रज्ञ सांगतात. एका वर्षाच्या पुरात तळे साचणे, झाड वाढणे, खडकाची माती होणे आणि हे पुन्हा पुन्हा घडणे शक्य नाही.

हिस्लॉप यांनी हे थर छापून जगापुढे ठेवले आणि अखेरपर्यंत ते मिशनरीच राहिले. त्यांच्याही आधी, १८३१ साली, केंब्रिजचे धर्मोपदेशक आणि भूशास्त्रज्ञ ॲडम सेज्विक यांनी आपले प्रलयासंबंधीचे जुने मत चुकले असे भर सभेत सांगितले होते. चूक कबूल केल्याने त्यांची श्रद्धा बुडाली नाही. हिस्लॉप यांचा अंत मात्र पाण्यानेच झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाहून परतताना पुराने भरलेल्या नाल्यात ते वाहून गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांत गोंडांची लिंगोची कथा होती. त्या कथेतही पूर आहे, आणि कासव गोंडांना पाण्यापार नेते.

खडकापुरता निकाल झाला. परंतु काकांची बाजू एवढ्याने संपत नाही.

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड गाव उद्ध्वस्त केले. दोनशेच्या वर माणसे गेली. आम्ही धान्य आणि कपडे घेऊन ट्रकने निघालो, तेव्हा काका न बोलावता येऊन बसले. तिथे एक शहाणा गृहस्थ चिखलात बसलेल्या बायाबापड्यांना सांगत होता, की पाप वाढले म्हणून देवाने ही शिक्षा केली. मी काही बोलण्याआधीच काका पुढे झाले. म्हणाले, "भाऊ, देवानं नोहाले वचन देल्लं, का पुन्हा पान्यानं जग बुडवनार नाई. इंद्रधनुष्य त्याचीच खून हाय. मंग ह्या पुराले देवाची शिक्षा काहून म्हनता? पानी इतलं कसं चढलं, आन् लोकायले आधी सांगतलं काहून नाई, ते इचारा."

मी थक्क झालो. ज्या कथेला मी हसलो होतो, तिच्यातूनच त्यांनी माझ्या भाषणातला प्रश्न काढला होता!

परतताना मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "बाबू, माह्या बापाले गावानं इहिरीवर चढू देल्लं नाई. ह्या पुस्तकानं त्याले अक्षर देल्लं. तू हासला, तं मले वाटलं, त्याच्यावर हासला." प्रलय अक्षरशः खरा मानण्यामागे ही जखम असू शकते, हे मला कोणत्याही ग्रंथाने शिकवले नव्हते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. जलप्रलय हा इतिहास नव्हे. आपल्या पायाखालचा पाषाण त्याच्या विरुद्ध साक्ष देतो, आणि ती साक्ष लपवू नये. परंतु ज्याची श्रद्धा त्या कथेवर आहे, त्याला हसण्याचा अधिकार त्या पाषाणाने आपल्याला दिलेला नाही. तारू कोरड्या दिवसांत बांधावे लागते, एवढे तरी नोहापासून घेण्यासारखे आहे. पूररेषेत झोपड्या घालून राहणारे आमचे कामगार आजही आभाळ भरून आले की जागे राहतात. त्यांच्यासाठी पावसाआधी काय केले, हा प्रश्न आस्तिक आणि नास्तिक दोघांनी मिळून विचारावा.

काका आज हयात नाहीत. त्यांच्या समक्ष हे बोलता आले असते तर बरे झाले असते.